मु. पो. कशेळे

माइक हातात नसला की साउंडवाले मामा कुणालाही नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. मी मोहोपाड्याची, म्हणून माझं नाव मोहोपाडा. आमच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणारा अदनान म्हणजे कर्जत आणि ड्रमवर बसणारा मंग्या म्हणजे शेलू. “मोहोपाडा, चा घे गं. शेलू, चपला भायेर काड रं. कर्जत, तुजी तार उतरलीय.” एकदा कशेळ्याच्या नाक्यावर त्यांनी एका जुन्या ओळखीच्या माणसाला “ए नेरळ, नेरळ!” अशी हाक मारली, तर जीपची वाट बघत बसलेली पाच माणसं पिशव्या उचलून धावली. मामांना त्याचं काही वाटलं नाही. “जायचंच हुतं ना त्यांना,” म्हणाले.

माइक हातात आला की मात्र सगळं उलट. मग समोरच्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, एकही गोष्ट सुटत नसे. बाकीचे साउंडवाले माइक लावला की ‘हॅलो हॅलो’ करतात. मामा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पत्ता म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की ‘हॅलो’मध्ये काही नाही, ‘जिल्हा रायगड’ म्हटल्यावर शेवटचा ‘ड’ मंडपाच्या मागच्या खांबापर्यंत पोचला, तर स्पीकरची पेटी चांगली.

हे सगळं भूतकाळात लिहितेय म्हणून कुणी हळहळू नये. मामा ठणठणीत आहेत. आम्हीच आता तिकडे पूर्वीसारखे जात नाही, त्याची लाज वाटते म्हणून लिहायला बसले आहे. त्यांचं नाव मात्र लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल.

कशेळ्याच्या बाजारातून मुरबाडकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं मोठं गोडाऊन लागतं. पुढच्या भागात मंडपाचे बांबू, रचलेल्या खुर्च्या, गाद्या, लग्नात नवरा-नवरीला बसायला सिंहासनं. मागच्या भागात पडदा. पडद्याच्या आत मामांची दुसरी कंपनी, गावाजवळच्या पेज नदीच्या नावाने काढलेली ‘पेजकाठ ध्वनी’. गाणी रेकॉर्ड करून विकायची कंपनी. आधी कॅसेटी काढल्या, मग सीड्या, आता मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह. भजनं, लग्नाची गाणी, बेंजो पार्टीच्या धुना. कंपनीत मालक, कामगार, निवेदक आणि स्टिकर चिकटवणारा हे सगळे मिळून एकटे मामाच.

पांढरा हाफ शर्ट, गळ्यात लाल रुमाल. रुमाल घाम पुसायला नव्हता, तो माइकला गुंडाळायला होता. जन्मभर भोंग्याशेजारी उभं राहिल्यामुळे डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. म्हणून ते हाताने ऐकायचे. स्पीकरवर स्टीलचा पेला ठेवायचा, तो अर्धा पाण्याने भरायचा, त्यावर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. मग निकाल. निकाल दोनच होते, ‘चालतंय’ आणि ‘फाटतंय’. गाण्याबद्दल तिसरं मत त्यांनी आयुष्यात दिलं नसावं.

पत्त्याच्या बाबतीत त्यांची शिस्त किती कडक होती, हे सांगायला एक लग्न पुरे आहे. मंग्या तिथे बेंजो पार्टीत ड्रम वाजवायला होता, त्याने हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होते असं वाटतं. मंगलाष्टकं सुरू झाली होती. माणसांच्या मुठीत अक्षता, शेवटचं ‘सावधान’ यायचं बाकी. इतक्यात मामांच्या लक्षात आलं, की मगाशी आपण नवरदेवाचा तालुका खालापूर सांगितला. मुलगा कर्जत तालुक्यातला. त्यांनी सरळ भटजींच्या आवाजावर आवाज चढवला, “थांबा! एक दुरुस्ती हाय!” सगळा मंडप दचकला. नवरीच्या बापाला वाटलं, मुलाचं आधी कुठे लग्न झालंय. तो खाली बसला. मामांनी शांतपणे नवरदेवाचं पूर्ण नाव-गाव पुन्हा म्हटलं, तालुका कर्जत म्हटलं, आणि भटजींना म्हणाले, “आता चालू द्या. नायतर चुकीच्या मानसाशी लगीन लागलं असतं.”

अशा माणसाकडे आम्ही गेलो.

आमच्या बँडचं नाव ‘गळती’. वाजवायचो पंक रॉक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात सूर थोडे, वेग फार आणि गाणारी मुलगी गात नाही, ओरडते. गाणं दोन मिनिटांत संपतं, कारण त्याहून जास्त वेळ तसं ओरडता येत नाही. आमच्याकडे नऊ गाणी होती आणि ती रेकॉर्ड करायला जागा नव्हती. कर्जतच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने एक गाणं ऐकलं आणि एसी बंद करून आला. म्हणाला, आमच्या मशीनला झेपणार नाही. बदलापूरला एकाने सांगितलं, आवाज गोड करून आलात तर बघू. शेवटी मंग्या म्हणाला, आमच्या बेंजोची कार्डं जे मामा काढतात त्यांच्याकडे जाऊन तर बघू. मी नाक मुरडलं होतं. लग्नाच्या गाद्यांमध्ये पंक करायचं म्हणजे काय! मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि नाक मुरडणं हेच माझं मुख्य काम होतं.

मामांनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली.

“पंक म्हंजी काय गं?”

“राग, मामा. राग आहे तो.”

“कोनाचा?”

“सगळ्यांचा.”

“सगळ्यांचा राग कंदी येत नसतो कोनाला. नाव सांग.”

मी म्हटलं, गाणं ऐका. आम्ही वाजवलं. ‘खिडकी लाव’ हे ते गाणं. मोहोपाड्याला आमच्या कॉलनीत काही संध्याकाळी जवळच्या केमिकल प्लँटचा वास येतो. आमच्या घरी तो आला की कुणी काही बोलत नाही. आई खिडकी लावते, बाबा ताटावर बसतात, मी पाणी घेते. बाबा त्याच प्लँटमध्ये कामाला, त्यामुळे वासाबद्दल बोलणं म्हणजे पानावर बसून अन्नाला नावं ठेवणं. लहानपणापासून मी ते बोलले नव्हते, म्हणून गाण्यात ओरडले. मी विचारते, “वास येतोय का?” दोघं ओरडतात, “कसला वास?” पुन्हा मी, पुन्हा ते. शेवटी तिघं मिळून, “खिडकी लाव!”

मामांचा तळवा पेल्यावर होता. पेल्यातलं पाणी त्यांच्या मनगटावर उडत होतं. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“फाटतंय,” ते म्हणाले. आमची तोंडं उतरली. मग त्यांनी हात पुसला. “पन मुद्दाम फाडताय. मंग चालतंय.”

आमच्या संगीतावर पुढे पुष्कळ लिहून आलं, पण एवढं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

रेकॉर्डिंग दोन दिवस चाललं, सकाळी नऊ ते दुपारचं जेवण. मंग्याच्या ड्रमभोवती लग्नाच्या गाद्या उभ्या केल्या. अदनानला सिंहासनावर बसवलं, कारण त्याची वायर तिथपर्यंतच पोचत होती. मी खुर्च्यांच्या दोन चळतींमध्ये उभी. मामांचा नियम एकच, गाणं एकदाच घ्यायचं. चुकलं तरी चुकलेलं राहील. मी एका गाण्यात एक ओळ विसरले आणि म्हटलं, मामा, परत घेऊ. त्यांनी मान हलवली. “दुसऱ्यांदा म्हनताना मानूस गात नाय. आठवतो.” ती विसरलेली ओळ आजही रेकॉर्डमध्ये नाही. तिच्या जागी मी नुसताच श्वास घेतलेला ऐकू येतो आणि लोकांना तोच फार आवडतो.

नऊ गाणी झाली. आम्ही वायरी गुंडाळायला लागलो, तर मामांनी माइकला लाल रुमाल गुंडाळला आणि घसा साफ केला. पेजकाठ ध्वनीच्या प्रत्येक रेकॉर्डची सुरुवात मामांच्या निवेदनाने होते हे मंग्याला माहीत होतं, पण तो बोलला नव्हता. मामा सुरू झाले. “पेजकाठ ध्वनी सादर करीत आहे, ‘खिडकी लाव’. गायिका, कुमारी…” आणि पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट मोहोपाडा, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. मग अदनान, मग मंग्या, त्यांचे वडील, त्यांची गावं.

अदनान सिंहासनावर हसून लोळत होता. पंकच्या रेकॉर्डवर ‘कुमारी’! मी भडकले, पण आधी भलत्याच गोष्टीवर भडकले.

“सगळ्यांच्या बापांची नावं घेतलीत. आयांची का नाही?”

मामा थबकले. “कोनी इचारलंच नाय कंदी,” ते म्हणाले आणि खरोखर विचारात पडले. निघताना म्हणाले, उद्या येताना तिघांनी आपापल्या आईचं नाव घेऊन या. अदनानच्या आईने तर घरून चिठ्ठी पाठवली, स्वतःच्या हाताने लिहिलेली, नाव चुकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मामांनी निवेदन नव्याने म्हटलं, आयांसकट. निवेदनाला ते गाणं मानत नसत, त्यामुळे दुसऱ्यांदा म्हणायला त्यांच्या नियमाची आडकाठी नव्हती. ‘कुमारी’ मात्र काढलं नाही. “लगीन झालंय का? नाय ना? मंग?”

मी जिंकल्यासारखी घरी निघाले. चौक गावाच्या आसपास, बसमध्ये, माझ्या डोक्यात उजेड पडला. वासाचं गाणं, आणि त्याच्या आधी बाबांचं पूर्ण नाव, गावासकट. बाबांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. रेकॉर्ड कुणी ऐकलं आणि प्लँटमध्ये कुणी वर जाऊन सांगितलं, तर त्या एका वर्षाचं काय होणार कोण जाणे. सगळ्या जगाला शिव्या द्यायला निघालेली मी, बापाचं नाव ऐकून घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच कशेळ्याला गेले आणि म्हटलं, निवेदन काढा.

“नाव नाय तर रेकॉर्ड नाय,” मामा म्हणाले.

मी भांडले. मी म्हटलं, तुम्हाला पत्त्याचं वेड आहे, त्यापायी माझ्या घराचं वाटोळं कराल. मामांनी ऐकून घेतलं. मग खुर्च्यांच्या चळतीतून दोन खुर्च्या काढल्या, एकीवर मला बसवलं, आणि पत्त्याचं वेड कुठून आलं ते सांगितलं.

कंपनी सुरू केली तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या एका वाडीतून एक म्हातारी बाजाराला आली होती. लग्नात गाणी म्हणायची. मामांनी तिला गोडाऊनमध्ये बसवून तासभर गायला लावलं. नाव विचारायचं राहिलं. कॅसेट निघाली, सगळीकडे वाजली, लग्नालग्नात वाजली. काही महिन्यांनी ती म्हातारी पुन्हा बाजारात दिसली. मामांनी आनंदाने तिला आत आणलं आणि तिचीच कॅसेट लावली. तिने जन्मात कधी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला नव्हता. ऐकत राहिली, मान डोलावत राहिली, आणि शेवटी तिने विचारलं, ही कोण बाई? बरी गाते.

“मी सांगितलं, आजे, तूच हाईस ती. तर हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. उठून गेली.” मामा रुमालाची घडी घालत होते. “सोताचा आवाज सोताला वळखत नाय गं. नाव लागतं. त्या दिशीबी मी नाव नाय इचारलं, हसन्यात गेलं. फुडं वाडीवर गेलो तवा ती नव्हती. ती कॅसेट अजून बिननावाची वाजते.”

मला वाईट वाटलं, पण माझा बाप जिवंत होता आणि कामावर होता. मी ते तसंच बोलले. म्हटलं, मामा, तुमच्या म्हातारीपेक्षा मला माझे बाबा मोठे आहेत. आणि रडले. पंकवाल्या मुलीने खुर्च्यांच्या चळतीत बसून रडणं हे काही शोभणारं नव्हतं, पण रडले.

मामा उठले. आत जाऊन एक मेमरी कार्ड घेऊन आले. “यात निस्ती गानी हायत. तुजा बाप, तुजं नाव, तूच ठरीव. घिऊन जा.” स्टिकर मात्र लावला नाही. बिननावाच्या मालाला पेजकाठचा स्टिकर लागणार नाही, म्हणाले. मला तेव्हा ते चालण्यासारखं होतं.

आम्ही ती गाणी नाव न घालता तशीच बाहेर सोडली. आधी कशेळे-कर्जत जीपवाल्यांकडे गेली. मामांचा एक हिशेब होता, की जीपमध्ये गाणं लागल्यावर मागच्या सीटवरची बाई बोलायची थांबली तर गाणं चांगलं, आणि मोठ्याने बोलायला लागली तर फारच चांगलं. आमच्या गाण्याला मागच्या सीटवरच्या बाया किंचाळून बोलायला लागल्या, असा निरोप मंग्याने आणला. मग जीपमधून टेंपोत, टेंपोतून खोपोलीला, आणि तिथून कारखान्यांच्या बसमध्ये. ‘खिडकी लाव’ हा बसमध्ये बसल्यावर खेळायचा खेळच झाला. ड्रायव्हर विचारायचा, “वास येतोय का?” आणि सगळी बस ओरडायची. गाणं कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लोकांनी आपल्या मनाने ठरवलं, पुण्याच्या पोरांचं आहे. मला एका जीपवाल्याने माझंच गाणं ऐकवलं आणि सांगितलं, “पुन्याची पार्टी हाय, ताई. तुमाला नाय कळायची.”

आणि एका दुपारी बाबा पहिल्या पाळीवरून आले. डबा ठेवला, बेसिनपाशी उभे राहिले, कोपरापर्यंत साबण लावला आणि गायला लागले. माझे बाबा! आरतीलासुद्धा नुसती टाळी वाजवणारे. “वास येतोय का? कसला वास?” आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

“आज बसमधी लावलं व्हतं ड्रायवरनं,” बाबा म्हणाले. “कोन पोरगी हाय देव जाने. पन काय वरडते! आमच्या सगळ्यांच्या मनातलं वरडली. पहिल्यांदा आक्खी बस गप, मंग आक्खी बस चालू.”

मी टॉवेल घेऊन उभी होते. मला गोडाऊनमधली ती म्हातारी दिसली, मान डोलावणारी. माझ्या बापाने मला तेवीस वर्षं ऐकलं होतं आणि आवाज ओळखला नव्हता. कारण मी घरात तसं कधी ओरडलेच नव्हते.

“बाबा, ती मी आहे.”

ते वळले. साबणाचं पाणी कोपरावरून फरशीवर गळत होतं. मी भडाभडा सगळं सांगितलं. मामा, निवेदन, त्यांचं नाव, राहिलेलं एक वर्ष, आणि मी नाव कसं काढायला लावलं ते. बाबांनी हात धुतले. टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसायला लागले. मला वाटलं, आता चिडतील.

“मंग लोकांना ती पोरगी कोनाची वाटते?” त्यांनी विचारलं.

“पुण्याची म्हणतात.”

“पुन्याची?” बाबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी आमच्या दारातली तुळस उचलून नेली. “पुन्याच्या पोरीला काय म्हाईत गं आपला वास? इथं तीस वर्सं मी हुंगतोय तो! तू हुंगतेस, तुजी आई हुंगते!” आईने मान हलवली. “कुटं ऱ्हातो तो तुजा मामा?”

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. आम्ही दोघं कशेळ्याला गेलो. बाबा गोडाऊनच्या दारात उभे राहिले, स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं म्हणून दाखवलं. मग विचारलं, “बरोबर?”

“बरोबर,” बाबा म्हणाले. “तेच घाला.”

मामांनी पत्र्याचा डबा उघडून दुसरं कार्ड काढलं. निवेदनासकटचं. पुसलंच नव्हतं त्यांनी. “दुसऱ्याचं नाव पुसाया मी कोन?” त्यांनी त्याला स्टिकर लावला, अंगठ्याने दाबला, आणि ‘खिडकी लाव’ पेजकाठ ध्वनीच्या नावाने बाहेर पडलं.

त्यानंतर जे झालं ते आमच्यासाठी फार मोठं होतं. निवेदनासकट ते रेकॉर्ड मुंबईला पोचलं, पुण्यालाही पोचलं, आणि आम्हाला बोलावणी यायला लागली. शहरातल्या पंकवाल्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं, तर निवेदन. एका मासिकाच्या मुलाने मामांना फोन करून विचारलं, की प्रस्थापित संगीत कंपन्यांना चिमटा काढण्यासाठी तुम्ही हा उपरोधिक प्रकार केला का? मामांनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पत्ता हाय तो. चुकलाय का कुटं?”

बाबांना वर बोलावलं गेलं, नाही असं नाही. साहेबांनी विचारलं, ही तुमची मुलगी का? बाबा म्हणाले, नाव ऐकलंत ना. त्यांना प्लँटमधून स्टोअरला बसवलं. राहिलेलं वर्षभर बाबांची तक्रार एवढीच होती, की स्टोअरपासून कँटीन लांब पडतं. बसमध्ये मात्र त्यांना खिडकीची जागा ठरून गेली. ते चढले की कुणीतरी ओरडायचं, “खिडकी लाव!” आणि ते उघडायचे.

दुसरं रेकॉर्ड करायला आम्ही मुंबईच्या चांगल्या स्टुडिओत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. त्याच गाद्या, तेच सिंहासन, तोच पेला. मामांचा डावा कान आता पूर्ण गेला होता. सगळी गाणी झाल्यावर त्यांनी रुमाल काढला, माइकला गुंडाळला, निवेदन म्हटलं आणि माइक खाली ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या सगळ्या कॅसेटी, सीड्या, कार्डं. प्रत्येकावर हा आवाज, आणि आवाजाचं नाव एकावरही नाही.

मी माइक उचलला. मामा म्हणाले, “काय राह्यलं?”

मी बाजारात विचारून ठेवलं होतं. सगळे मामाच म्हणायचे, खरं नाव चार माणसांनी मिळून आठवलं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, “निवेदन आणि ध्वनिमुद्रण…” पुढे त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट कशेळे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

मामांचा हात पेल्यावर होता. डोळे मिटलेले. शेवटचा ‘ड’ पत्र्यावर आपटून परत आला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. अदनानने सिंहासनावरून मला खुणेने विचारलं, चिडले का?

“मोहोपाडा,” मामा म्हणाले.

“हो, मामा.”

“आयचं ऱ्हायलं.”

मी ओठ चावला. मीच घातलेला नियम आणि मीच विसरले. मामांनी आईचं नाव सांगितलं. हळू सांगितलं, माइकपासून लांब, जणू पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. मग त्यांनी पेल्यातलं सांडलेलं पाणी पुन्हा भरलं, तळवा ठेवला आणि आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाले.

“परत घे.”

मी परत घेतलं. ते नाव इथे लिहीत नाही, कारण ते लिहून सांगायचं नाव नव्हे. आमच्या दुसऱ्या रेकॉर्डच्या शेवटी आहे. मोठ्याने लावा.